साडेपाच पौंडांची रायफल

९ जुलै २००६, रविवार

निवृत्त होऊन वर्ष झालं. ही वही लेकीने, तनयाने, वाढदिवसाला दिली होती, ती आज उघडतोय, कारण आता लिहिण्यासारखं काहीतरी चाललंय. मी रायफल बदलणार आहे.

सुप्रभाला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आहे ती काय वाईट आहे? तिचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले." हे खरं आहे. माझी जुनी पॉइंट टू-टू बोल्टची आहे. जाड नळी, अक्रोडाचा दस्ता, दुर्बिणीसकट नऊ पौंडांच्या घरात. तिची गोळी लागली की ससा जागच्या जागी आडवा व्हायचा. मी जन्मभर भूलतज्ज्ञ. ज्याला झोपवायचं त्याला कळ लागता कामा नये, ही माझी एकच अट, आणि ती रायफल ही अट पाळायची.

पण वजन फार. डोंगर चढून गेलो की उजवा खांदा भरून येतो. फ्रोजन शोल्डर आहे. निदान मीच केलंय आणि व्यायामही मीच देतोय. शिवाय तो बोल्ट. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे सारायचा, तोवर बाकीचे ससे बिळात. हल्ली या कामाला हात फार वेळ घेतो. बोल्टला तेल घालून पाहिलं, फरक नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ही भानगड नसते. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि पुढचं काडतूस आपोआप चढतं. मोठ्या सेमी-ऑटो इथे ब्रिटनमध्ये कधीच बंद झाल्या, पण सशांपुरती ही छोटी चालते, तीही पोलिसांनी परवान्यात नोंद करून दिली तर. उद्या अर्ज पाठवतो.

"तुमचा उजवा हात हल्ली सारखा खिशात का असतो?" सुप्रभाने मधेच विचारलं. म्हटलं, खिसा माझा, हात माझा. ती वरण वाढत राहिली.

१३ जुलै, गुरुवार

गुरुवार म्हणजे एमलिन. कार्डिफहून वर, डोंगराच्या कुशीत त्याचं शेत आहे. बारा वर्षांपूर्वी त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला मी भूल दिली होती. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, मेंढ्यांना कोणी पाहिलं का. दुसरा मला विचारला, तुझ्या गावाकडे ससे असतात का. मी कोल्हापूरकडचा. लहानपणी मामांच्या मागून पन्हाळ्याच्या अंगाला शिकारीला हिंडलेला. ते ऐकून तो म्हणाला, मग माझे ससे तुझे. मेंढ्यांसाठी पेरलेलं नवं गवत ते कोंब येताच खाऊन टाकतात. तेव्हापासून माझा एकही गुरुवार चुकलेला नाही. हॉस्पिटलमधून सुटलो, पण गुरुवारामुळे माझा आठवडा अजून उभा आहे.

एमलिनचं बोलणं मी इथे मराठीत लिहिणार. तसंही तो फार कमी बोलतो. बायको गेली, मुलगा ऑस्ट्रेलियात, घरात तो आणि नेल ही काळीपांढरी कुत्री. आम्ही कुंपणाला टेकून संध्याकाळ होईपर्यंत उभे राहतो आणि त्यात दोघांचंही पोट भरतं.

हल्ली सुप्रभा गाडी चालवत सोबत येते. तिला शेतावरची ताजी अंडी हवी असतात म्हणे. फ्रिजमध्ये आता दुधाला जागा नाही, तरी दर गुरुवारी अंडी. शिवाय मला गाडी देत नाही. म्हणते, "मला डोंगरावर ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस हवी." बासष्टाव्या वर्षी.

१५ जुलै, शनिवार

बंदुकांच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार म्हातारा आहे, मला बरीच वर्षं ओळखतो. त्याने दोन सेमी-ऑटो काउंटरवर ठेवल्या. एक जड नळीची, आठ पौंड, लाकडी दस्ता. दुसरी बारीक नळीची, काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची, फक्त साडेपाच. उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. आपल्या लाटण्याला याहून जास्त वजन असेल.

त्याचं म्हणणं असं: वजन चढावर त्रास देतं, पण नेम धरताना तेच उपयोगी पडतं. जड रायफल हातावर बसते आणि हाताला गप्प बसवते. हलकी रायफल हाताचं सगळं ऐकते. त्याने मला दोन्ही खांद्याला लावून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरायला सांगितलं. जड होती ती बाराच्या आकड्यावर बऱ्यापैकी टिकली. हलकी बारापासून तीनपर्यंत फिरून आली. दुकानाची जमीन लाकडी आहे आणि बाहेरून लॉऱ्या जातात, त्यामुळे असेल. मला गंमत वाटली ती याची की तो रायफलीकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"जड घ्या, डॉक्टर," तो दोनदा म्हणाला. त्याच्याकडे तो माल पडून असणार. शिवाय जडच घ्यायची तर जुनी काय वाईट होती? मी हलकी ठेवून घ्यायला सांगितलं. पोलिसांचा कागद आला की उचलीन.

घरी येताना थोडा खट्टू होतो. आठ पौंडांचीच घ्यावी असं मनात एकदा येऊन गेलं. पण तिने खांदा दुखला आणि पुढच्या वर्षी डोंगर चढवेनासा झाला तर? रायफल कितीही नेमाची असली तरी घरात बसून ससे मरत नाहीत.

२७ ऑगस्ट, रविवार

गणपती बसले. तनया नॉटिंगहॅमहून आली आहे, तिथे ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिचं वय एकतीस, मराठी पाच वर्षांच्या मुलीचं. आल्या आल्या म्हणाली, "बाबा, तुमची बर्थडे कार्डावरची अक्षर मला वाचताच आली नाही. मुंगी चालली असं वाटला." मी चष्म्याचा नंबर बदलून घे म्हणालो. तिला काय, सगळ्यांना सांगायला हवं. ही वहीसुद्धा आता जरा बारीक ओळींची वाटते, पण कागद वाचतो.

आरतीला मंडळी जमली होती. माझा आवाज मागच्या लोकांना ऐकू येत नव्हता म्हणे. पाच-पाच बायका टाळ्या वाजवताहेत तिथे कोणाचा ऐकू येणार? नंतर तनयाने कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत मी दगडासारखा. सुलक्षणावहिनी म्हणाल्या, "भावजी, बाप्पावर रागावलात की काय?" मी हसतच होतो, मला पक्कं आठवतंय.

फोडणी करपली तरी मी शेजारच्या खोलीत ढिम्म बसून होतो, म्हणून सुप्रभाकडून बोलणी खाल्ली. मला वास आलाच नाही. मायलेकी स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो की विषय मोदकांवर यायचा.

पोलिसांचा कागद आला. बाप्पा पावले.

९ सप्टेंबर, शनिवार

आणली. साडेपाच पौंड. कपाटात जुनीच्या शेजारी उभी केली तर थोरल्या भावाजवळ धाकटा उभा असावा तशी दिसते. क्लबच्या रेंजवर जाऊन दुर्बीण जुळवली. आडवं पडून, नळीखाली वाळूची पिशवी ठेवून झाडल्या तेव्हा पाच गोळ्या बऱ्या जवळ लागल्या. उभा राहून झाडल्या तर कागदभर सांडल्या. नव्या रायफलीशी ओळख व्हायला वेळ लागतो. जुनीशी माझा बारा वर्षांचा संसार होता.

साफ करायला नवं तेल घेतलं. त्याला वासच नाही. पूर्वी तेलाचा वास बोटांना दोन दिवस राहायचा. हल्ली सगळ्याच गोष्टींचा कस गेलाय.

१४ सप्टेंबर, गुरुवार

चढ मजेत चढलो. नव्या रायफलीचं ओझं जाणवलंच नाही. एमलिनने हातात घेऊन पाहिली आणि "खेळणं आहे हे" एवढंच म्हणाला.

सहा गोळ्या, दोन ससे. एक चांगला गेला. दुसऱ्याच्या मागच्या पायाला लागली. तो ओढत ओढत कुंपणाकडे निघाला आणि मी लागोपाठ दोन झाडल्या, त्यातली एक लागली. बोल्टची असती तर निसटलाच असता, असं मी एमलिनला सांगितलं. बोल्टची असती तर पायाला लागली नसती, हे मला तेव्हाच कळलं होतं, पण ते बोललो नाही. मला ते ओढत जाणं आवडलं नाही. तीस वर्षांत माझ्या टेबलावर कोणी तसं तळमळलं नाही.

सुप्रभाने सशाचा तांबडा रस्सा केला आणि रात्री मी डबा घेऊन एमलिनकडे गेलो. म्हणजे ती गाडी चालवत घेऊन गेली. त्याने दोन वाट्या प्यायला, डोळ्यांतून पाणी, नाक लाल, पण वाटी पुढे केलीच.

१ ऑक्टोबर, रविवार. खंडे नवमी

आज शस्त्रांची पूजा. आमच्या घरी दरवर्षी असते, तनयाही त्यासाठी सुट्टी काढून आली आहे. सुप्रभाने पाटावर कोयता, विळी, भूल देताना घशात बघायचा माझा जुना लॅरिंगोस्कोप, तनयाचं ते गुडघे मोजायचं यंत्र मांडलं. मी कपाट उघडून नवी रायफल आणली. मॅगझीन काढलेलं, हिचा आपोआप चालणारा बोल्ट मागे अडकवून पोटातली जागा उघडी, म्हणजे ती रिकामी आहे हे डोळ्यांना दिसावं. गोळ्या वेगळ्या कुलपात. देवासमोरसुद्धा मी नियम सोडत नाही.

अनामिकेने गंध लावायचं. दस्त्यावर सरळ रेघ ओढायला गेलो, ती तीन ठिकाणी तुटली. "असू दे, देवाला चालतं," सुप्रभा म्हणाली. नंतर मी मांडीवर हात ठेवून बसलो तर उजवा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत आपले नाचतायत, जपाची माळ ओढल्यासारखे. नऊ दिवसांचे उपास, त्यात सकाळपासून चहा नाही. तनयाने तिचा हात माझ्या हातावर ठेवला आणि आरती संपेपर्यंत तसाच ठेवला. लहानपणी कधी बसली नाही एवढी शहाण्यासारखी बसली होती.

सुप्रभाने दोन्ही मुठी भरून अक्षता वाहिल्या. रायफल तांदळाने न्हाली. मी म्हटलं, लग्न लावतेस का हिचं? दोघींपैकी कोणी हसलं नाही.

दुपारी तनया म्हणाली, "चला बाबा, पोस्टबॉक्सपर्यंत वॉक करू." वाटभर ती माझ्या मागे मागे. म्हटलं, बरोबर चाल की. म्हणाली, "मला मागून बघायची आहे." लोकांची चाल बघून पोट भरणारी मुलगी, सुट्टीतही सवय जात नाही. परत आल्यावर मला म्हणाली, "बाबा, तुमचा एक हात चालताना स्विंग होत नाही. प्लीज कोणाला तरी दाखवा ना. जस्ट वन्स." खांदा, मी सांगितलं. खांदा.

५ ऑक्टोबर, गुरुवार

लिहू की नको असं झालंय. लिहितो.

वरच्या शेतात, दगडी कुंडाजवळ ससा बसला होता. मागे चढ, म्हणजे गोळी मातीत जाणार. जागा बरोबर होती. एमलिन फाटकाशी. मी उभ्यानेच झाडली. चुकली, ससा गेला. मी रायफल खाली घेत होतो आणि दुसरी गोळी सुटली. मी चाप ओढला नव्हता. बोट चापावर राहिलं होतं हे खरं, पण ओढला नव्हता. गोळी कुंडाच्या कडेला लागून टणकन आवाज आला आणि कुंडाच्या मागून नेल उडाली. ती पाणी प्यायला तिकडून कधी आली, मी पाहिलंच नव्हतं.

तिला काही झालं नाही. एमलिनने तिला बोलावलं, अंगावरून दोन्ही हात फिरवले. मग कुंडाजवळ जाऊन दगडाचा उडालेला टवका पाहिला. मी रायफल रिकामी करून गवतावर ठेवली होती आणि काहीतरी बोलत होतो, यंत्रात बिघाड आहे वगैरे. तो म्हणाला, "चल, चहा घेऊ." चहा घेताना तो हवामानावर बोलला. आमच्यात हवामानावर बोलायची वेळ कधी आली नव्हती.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी रायफल उघडी करून टॉर्चने पाहिलं तर आत तांदूळ. अक्षता. मी सुप्रभाला हाक मारली आणि नको ते बोललो. म्हटलं, तुझ्या मुठी भरभरून भक्तीमुळे काल कुत्री मेली असती. यंत्र आहे ते, देव्हारा नाही. दाणा चापाच्या आत गेला असणार आणि त्यानेच दुसरी गोळी सुटली.

वाटलं, ती भांडेल. आमच्याकडे भांडणात ती कधी हरत नाही. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हो, माझंच चुकलं. उघडी आहे हे बघायला हवं होतं." मग तिने फोन उचलला आणि एमलिनला सांगितलं, "आय अ‍ॅम सो सॉरी, एमलिन, इट वॉज माय राइस. शशीचा, आय मीन शशीज, काही फॉल्ट नाही." गोंधळली की ती इंग्रजीत मराठी घालते, आणि माझं नाव फक्त इंग्रजीतच घेते.

बरं वाटायला हवं होतं. दिवसभर बरं वाटलं नाही.

१४ ऑक्टोबर, शनिवार

परवाच्या गुरुवारी गेलो नाही. सर्दीचं कारण सांगितलं. आज रायफल दुकानात नेली.

म्हाताऱ्याने ती सगळी सुटी केली. नळीखालच्या कोपऱ्यात दोन दाणे निघाले, एक कुंकवाने लाल झालेला. त्याने विचारलं, मी पूजेचं सांगितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, त्याच्या आजोबांकडे नांगर शेतात नेण्याआधी चर्चमध्ये नेत. मग चापाचा भाग वेगळा काढून मला दाखवला. आत स्वच्छ. तांदूळ तिथे पोचलाच नव्हता.

दुकानामागे त्याची बंदिस्त रेंज आहे. रायफल शिकंज्यात घट्ट धरून त्याने पाच गोळ्या झाडल्या. एकदा चाप, एक गोळी. दरवेळी. कागद आणला तर पाचही एका पेनीखाली झाकतील अशा. साडेपाच पौंडांची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, आणि नेम असा.

"आता तुम्ही," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. पाच झाडल्या म्हणायचं, पण चाप चारदाच ओढला होता. कागदावर एक बशी ठेवली असती तरी दोन बाहेर राहिल्या असत्या. त्याने तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "जड रायफल मी तुम्हाला आजही विकू शकतो. वर्षभर ती हे झाकून ठेवील. मला विकायची नाही, डॉक्टर."

रायफल त्याच्याकडेच ठेवून आलो. सुप्रभा बाहेर गाडीत होती. मी बसलो तशी तिने गाडी सुरू केली.

१५ ऑक्टोबर, रविवार

शब्द लिहून टाकतो. पार्किन्सन्स. लिहिला.

हाच माणूस माझ्या प्री-ऑप क्लिनिकमध्ये दारातून आत आला असता तर खुर्चीत बसायच्या आधी मी ओळखला असता. बारीक अक्षर, बसका आवाज, गेलेला वास, दगडी चेहरा, न हलणारा हात. मागची पानं आज वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय आणि प्रत्येकापुढे एकेक सबब जोडली आहे. लॉऱ्या काय, उपास काय. शेवटी तर बायकोच्या अक्षता.

ती भांडली नाही कारण तिला माहीत होतं. माझी चूक तिने आपल्या अंगावर घेतली आणि वर फोन करून माफी मागितली. हे कळलं तेव्हापासून मला तिच्याकडे बघता येत नाही.

भीती कशाची वाटते तेही लिहितो. आजाराची कमी वाटते, अजून तरी. गुरुवारची वाटते. एमलिनला सांगितलं की डोंगर संपला. रायफल नसलेला मी त्याच्या शेतावर कोण? हॉस्पिटल गेलं तेव्हा गुरुवार होता. आता गुरुवार गेला तर मी घरात बसून अंडी मोजणार. आज दुपारभर मनात एक गोष्ट येते आहे, ती खरी खरी लिहितो: जुनी नऊ पौंडांची अजून कपाटात आहे. ती घेऊन जावं, आडवं पडून झाडावी, बोल्टची असल्याने दुसरी गोळी आपोआप सुटायची नाही, आणि एमलिनला सांगावं की दोष नव्या यंत्रात होता, ते परत केलं. तो मानील. तांदळाचं त्याने मानलंच आहे. एखादं वर्ष निघेल. एक वर्ष म्हणजे किती गुरुवार.

आणि नेल त्या कुंडामागून पुन्हा कधी येईल, ते मला दिसेल की नाही, हे मला सांगता येत नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. रिकाम्या हातांनी. सुप्रभाला म्हटलं, तू गाडीतच थांब.

एमलिन अंगणात होता. माझ्या खांद्याकडे बघितलं, रायफल नाही हे पाहिलं. मी वाटेत तीन-चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हटलं, "ती दुसरी गोळी रायफलीने मारली नाही. मी मारली. माझं बोट आता माझं ऐकत नाही. तांदळाचं खोटं होतं."

त्याने बुटाने माती उकरली. मग म्हणाला, "नेलला आज मी कोंडून ठेवलंय. तू रायफल घेऊन आला असतास तर तुला फाटकातूनच परत पाठवणार होतो. तू आला नाहीस तर बरं, असंसुद्धा वाटलं."

"तांदळाचं तू मानलंस ना?"

"तुझी बायको चांगली बाई आहे. खोटं बोलता येत नाही तिला."

मी म्हटलं, मग आता तुझे ससे. तो म्हणाला, शेजारच्या पोराला सांगीन. मला वाटलं आता निरोपच, आणि गाडीकडे वळायला लागलो. तर तो म्हणाला, "ससे मारायला माणूस मला महिन्याभरात मिळेल, डॉक. कुंपणाला टेकायला नाही मिळणार. पुढच्या गुरुवारी येणार आहेस का, ते सांग. नसशील तर मी त्या वेळी दुसरं काहीतरी काम काढतो."

त्याच्या आवाजात राग होता. त्याची बायको गेली तेव्हा मी या माणसाला जवळून पाहिलंय, तेव्हाही तो असाच रागावून बोलत होता. मी येतो म्हणालो. त्याने जाऊन नेलचं दार उघडलं. ती थेट माझ्याकडे आली आणि मला तिथे रडू आलं. एमलिन फाटकाची कडी बघायला निघून गेला. कडीला काही झालेलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर सुप्रभाला म्हटलं, "सांगितलं त्याला." ती म्हणाली, "बरं केलंत." मग म्हटलं, "तुलाही सांगायचंय." ती म्हणाली, "मला सांगू नका हो, मी मार्चपासून बघतेय." आणि गाडी सुरू करायच्या ऐवजी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिली. तिच्या पाठीवर हात ठेवला. उजवाच ठेवला. तो हलत होता, हलू दिला.

२२ ऑक्टोबर, रविवार. पाडवा

दोन्ही रायफली आता दुकानात. जुनी देताना जीव तुटला. म्हाताऱ्याने बदल्यात काय हवं विचारलं, काही नको म्हटलं. परवाना उद्या पोलिसांना परत पाठवायचा.

सुप्रभाने ओवाळलं आणि ओवाळणी म्हणून एकच मागितलं, उद्याची अपॉइंटमेंट मोडायची नाही. न्यूरॉलॉजीत तिने ती याआधी तीनदा घेतली होती आणि तीनदा रद्द केली होती. मी आपण होऊन म्हणेन म्हणून वाट बघत होती. मी म्हटलं, ओढून न्यायचं होतंस. म्हणाली, "तुम्ही ओढून नेल्यावर जाणाऱ्यातले आहात का?"

मग तिने उद्याचा शर्ट इस्त्री करून आणला. मी बघत बसलो होतो आणि मला प्रथमच दिसलं की ती काय करते. इस्त्री झाली की ती खालची सगळी बटणं लावून टाकते, फक्त वरची दोन मोकळी ठेवते. विचारलं, हे असं का? तिने कॉलर पुन्हा सरळ केली. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये एकदा तुम्ही आरशासमोर एका बटणाशी झटत होतात. मला बघून जोरात दार लावलंत. तेव्हापासून अशीच ठेवते. डोक्यावरून घालता येतो ना, झब्ब्यासारखा." मी एप्रिलपासून रोज तसाच शर्ट घालतोय आणि मला वाटत होतं, नवे शर्ट सैल शिवतात.

मी तिला ती सगळी बटणं सोडायला सांगितली. तिने एकेक सोडली आणि शर्ट खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "मग उद्या कसं करणार?" तिने विचारलं.

म्हटलं, "तू लाव."